लेकीच्या मॅचला गप्प बसणं

जूनमधल्या एका गुरुवारी लेकीचा फोन आला. शनिवारी तिची मॅच आमच्या घराजवळच्या पार्कमध्ये होती, आणि मला यायचं असेल तर मी येऊ शकते, असं तिने सांगितलं. "इफ यू वॉन्ट," हे तिचे शब्द. फोन ठेवल्यावर भाजी ढवळता ढवळता मी ते शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघितले. एका सुरात ते आमंत्रण वाटायचं, दुसऱ्या सुरात नुसता उपचार.

बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण ती बारा वर्षांची असल्यापासून तिची एकही मॅच मी मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिली नव्हती. बंदी तिनेच घातली होती. आता ती सत्तावीस वर्षांची होती, मिनीॲपोलिसमध्ये फिजिओथेरपिस्ट होती, आणि ती बंदी उठतेय की नाही हे शनिवारी ठरणार होतं. म्हणजे मी कशी वागते त्यावर.

बंदीचं कारण माझा आवाज. तो मी काही विकत आणलेला नाही, माहेरहून आलाय. आमचं गाव सांगलीकडचं, आणि घरासमोरच तालमीचं मैदान होतं. तिथे कबड्डीचे सामने व्हायचे. बायका एका अंगाला गोणपाटावर बसायच्या आणि पुरुषांपेक्षा जास्त ओरडायच्या. माझी आत्या एरवी भाजीवाल्याशीसुद्धा पदर सावरून बोलायची, पण चढाई सुरू झाली की "धर! धर त्याला! सोडू नको!" असं ओरडायची, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. त्या गर्दीचा एक रिवाज होता. पकड देखणी झाली, की कुणी कुणाची केली ते कुणी बघायचं नाही. आपल्या आळीचा पोरगा चढाईला गेलाय, समोरच्याने त्याच्या कमरेला मिठी घालून त्याला जागच्या जागी बसवलाय, तरी आधी तोंडातून "वाऽऽ!" निघायचं आणि मग "अरेरे!" मी याच गोणपाटावर लहानाची मोठी झाले.

मग लग्न झालं, अमेरिका आली, आणि नोकरी मिळाली ती हळू बोलण्याची. एका विमा कंपनीत दिवसभर हेडसेट लावून मी लोकांच्या तक्रारी ऐकते आणि लोण्यासारख्या आवाजात उत्तरं देते. माझी मॅनेजर म्हणते, तुझा आवाज ऐकून लोक शांत होतात. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. तो नागपूरचा. "ऑफिसात शांत अन् घरात एवढी का बोंबलून राहिली असते मग?" असं त्याचं म्हणणं.

तर लेक बारा वर्षांची असताना सॉकर खेळायची. तिथल्या पालकांची ओरडण्याची मजल फार तर "नाइस ट्राय!" पर्यंत. पोरगी समोरचा गोल सोडून आपल्याच गोलकडे पळाली तरी "नाइस ट्राय!" मी त्यात कशी बसणार? मी मराठीत ओरडायचे. "अगं डावीकडे बघ! झोपलीस का? मार की!" एका शनिवारी तर लीगने पालकांसाठी मौनाचा दिवस ठेवला. कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक आईबापाच्या हातात एकेक लॉलीपॉप दिला, म्हणजे तोंड बंद राहील. मोठमोठी माणसं काड्या तोंडात धरून उभी. मीही धरली. पण लेकीच्या पायात बॉल आला, समोर गोल मोकळा होता, आणि ती विचार करत बसली. मी लॉलीपॉपसकट ओरडले. सगळं मैदान वळलं. परतताना गाडीत मागच्या सीटवरून ती इंग्रजीत म्हणाली, "प्लीज, यापुढे माझ्या मॅचला येऊ नकोस."

मी गेले नाही. सॉकर संपलं, व्हॉलीबॉल आलं, हायस्कूल आलं, नवरा जायचा आणि घरी येऊन स्कोअर सांगायचा. तो कामासाठी गावाला गेला की तिला मीच सोडायचे आणि पार्किंग लॉटमध्ये काच खाली करून बसायचे. कोण जिंकतंय ते मला इतरांच्या ओरडण्यावरून कळायचं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. आपल्या पोरीसाठी ओरडणं हा गुन्हा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण तिने शब्द टाकला होता, आणि तो मी पाळला.

आता ही शनिवारची मॅच होती ऑस्ट्रेलियन फुटबॉलची. हा खेळ तिला तिच्या क्लिनिकमधल्या एका सहकारी मुलीने लावला. इथे मिनेसोटात मुलींचा एक संघ आहे, हौशी, आपापल्या पैशाने टी-शर्ट शिवून घेणारा. व्हिडिओ बघून मला काहीच कळलं नव्हतं. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, हेल्मेट नाही, पॅड नाहीत, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढून चेंडू झेलतायत. तिची हाडं मोडतील ही एक काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्या शनिवारी मला माझ्या तोंडाची काळजी जास्त होती.

नवरा मुद्दाम आला नाही. "मी असलो का तू माझ्यावर खेकसत बसशील. एकटी जा," म्हणाला. निघताना त्याने माझ्या हातात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी ठेवली. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "काय? घशासाठी आहेत." त्याच्या मिश्या हसत होत्या.

मी मुद्दाम उशिरा गेले. मॅच सुरू झाल्यावर, कुणाच्या लक्षात न येता. ते मैदान मी ओळखत होते. रविवारी तिथे आपली मंडळी क्रिकेट खेळतात, गोल आहे म्हणून या फुटबॉलवाल्यांनाही तेच सोयीचं. दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या पाइपांचे चार-चार खांब रोवले होते. बघायला आलेली माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. एक उंच गृहस्थ दोन कुत्री घेऊन उभे होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तोंडात गोळी टाकली.

लेक दिसली. केस घट्ट बांधलेले, गुडघ्याला आधीच माती. ती बचावाला होती, म्हणजे आमच्या बाजूच्या खांबांसमोर. विस्कॉन्सिनहून आलेल्या संघातल्या मुली अंगाने दांडग्या होत्या. त्यांच्यातली एक धावत आली की माझ्या पायाची बोटं चपलेत आवळायची. मी गोळी चघळत होते. एक संपली की दुसरी. लेक चांगली खेळत नव्हती. सोपे झेल सुटत होते, आणि ती मधूनमधून कडेच्या माणसांकडे बघत होती. "चेंडूकडे बघ गं बाई," हे माझ्या दातांपर्यंत आलं आणि मी गोळीबरोबर ते गिळलं.

माझं मन मात्र हळूहळू खेळावरून गर्दीवर गेलं. अशी गर्दी मी अमेरिकेत पाहिली नव्हती. मिनेसोटाचे लोक नेहमीप्रमाणे "गुड एफर्ट!" करत होते, दोन्ही संघांना सारखंच. पण त्यांच्यात सात-आठ ऑस्ट्रेलियन होते, आणि त्यांचं वेगळंच चाललं होतं. दोन्ही संघांचे पाठीराखे मिसळून बसले होते, एकमेकांच्या डब्यातलं खात होते, आणि तोंडाने मात्र एकमेकांच्या संघाचा उद्धार करत होते. त्यांची म्होरकी होती माझ्याच वयाची एक बाई. भर उन्हात गळ्यात लोकरीचा मफलर, संघाच्या रंगाचा, स्वतः विणलेला. ती पंचाला ओरडून विचारत होती, "चष्मा गाडीत राहिला का रे? आणून देऊ?" पंच, एक कोवळा लालबुंद मुलगा, काही ऐकलंच नाही असं दाखवत होता. मग विश्रांती झाली. त्या खेळात विश्रांतीला प्रेक्षकही मैदानात जातात आणि कोच खेळाडूंना काय सांगतोय ते घोळक्यात उभे राहून ऐकतात. ही बाई डबा घेऊन तडक पंचाकडे गेली आणि त्याला संत्र्याच्या फोडी दिल्या. त्याने आनंदाने खाल्ल्या. मी आत गेले नाही. लेकीने बघितलं तर तिचं लक्ष विचलित होईल म्हणून कुत्र्यांजवळच थांबले.

परत येताना त्या बाईने मला हेरलं. "तू कुणाची?" असंच विचारलं तिने. मी हेडसेटवरच्या आवाजात सांगितलं, त्या अमुक नंबरच्या मुलीची आई. "मग इथे मागे काय करतेस? आणि तुझा आवाज कसा आला नाही?" मी म्हटलं, मला ओरडायची परवानगी नाही. तिला वाटलं डॉक्टरांनी मना केलंय. तिने माझ्या घशाकडे काळजीने बघितलं. मग मला खरं काय ते सांगावं लागलं, लॉलीपॉपसकट.

ती इतकी हसली की मफलरने डोळे पुसले. मग मला हाताला धरून पुढे नेलं, स्वतःच्या खुर्चीशेजारी उभं केलं, आणि खेळ समजावला. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने मारला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा खांबाला लागला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण कुणी मिठी घालून पकडलं की तो ताबडतोब लाथेने किंवा मुठीने मारून सोडायचा. संधी असूनही दाबून धरलात तर गुन्हा, आणि फ्री किक दुसऱ्यांना. असं कुणी सापडलं की पंचाला जाग यावी म्हणून सगळ्या गर्दीने मिळून एकच शब्द ओरडायचा. "बॉल. पण असा नाही, पोटातून. बॉऽऽऽल! हे काम आहे आपलं, लव्ह. आपण नाही ओरडलो तर त्या पोराला कळणार कसं?"

काम आहे म्हटल्यावर मला जरा धीर आला. चार भागांतल्या तिसऱ्या भागात विस्कॉन्सिनची एक मुलगी चेंडू पोटाशी घेऊन घोटाळली, आमच्या दोघींनी तिला घेरलं, आणि खुर्च्यांवरून आरोळी उठली. माझं तोंड आपोआप उघडलं. इतकी वर्षं आत कोंडलेला आवाज होता तो. गोळी उडून कुठे पडली देव जाणे. उंच गृहस्थांची दोन्ही कुत्री भुंकायला लागली. पंचाने शिट्टी वाजवली आणि चेंडू आमच्याकडे आला. मफलरवाली माझ्याकडे बघतच राहिली.

आणि मैदानातून लेकीने वळून बघितलं. लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं वळणं दिसलं. झालं, म्हटलं, पुन्हा पार्किंग लॉट. पण तेवढ्यात चेंडू तिच्याकडे आला आणि तिने तो उंच उडी मारून झेलला, असा झेलला की मी सगळं विसरले. त्यानंतर मी मागे वळून पाहिलंच नाही. मराठीत ओरडले, इंग्रजीत ओरडले, पंचाला म्हटलं, "अरे बाबा, नीट बघ!" शेजारचे दोन ऑस्ट्रेलियन म्हातारे "अरे बाबा!" म्हणायला शिकले. मला किती बरं वाटत होतं ते कसं सांगू? इतक्या वर्षांत या देशात मी एकदाही इतकी मोकळी उभी राहिले नव्हते.

शेवटचा भाग संपत आला. आम्ही एका गुणाने पुढे होतो. घड्याळ धरून बसलेला माणूस त्याच्या पिकअपच्या हॉर्नवर हात ठेवून तयार होता, कारण मॅच संपल्याचा भोंगा म्हणजे तोच. आणि आमच्याच खांबांसमोर चेंडू लेकीच्या हातात आला. तिला तो लांब मारून द्यायला वेळ होता. पण तिला वाटलं एकीला चकवून पळावं. ती उजवीकडे झुकली, मग डावीकडे. "सोड," मी पुटपुटले, "सोड आता." तेवढ्यात मागून विस्कॉन्सिनची एक बुटकी, गोल मुलगी आली आणि तिने लेकीच्या कमरेला मिठी घातली.

काय पकड होती ती! दोन्ही हात चेंडूसकट आवळलेले, पाय रोवलेले, आणि लेक जागच्या जागी बसली. तशी कमरेची पकड मी आमच्या तालमीच्या मैदानानंतर पाहिली नव्हती. आणि माझ्या तोंडून, सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने, पोटातून निघालं, "बॉऽऽऽल!"

बाकी कुणीच ओरडलं नाही. विस्कॉन्सिनवाले ओरडायच्या आधीच मी ओरडून मोकळी झाले होते. पंचाने शिट्टी वाजवली. हात विस्कॉन्सिनच्या बाजूला दाखवला. मग सगळं मैदान, दोन्ही संघ, माणसं, कुत्री, माझ्याकडे बघायला लागलं. मफलरवाली हळूच म्हणाली, "लव्ह, ती तुझी होती ना?"

विस्कॉन्सिनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी. धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. पोरीने पंधरा वर्षांनी एकदा बोलावलं, आणि मी भर मैदानात तिच्याच विरुद्ध ओरडले! लॉलीपॉपवाल्या शनिवारी निदान मी तिच्या बाजूची होते. ती बुटकी मुलगी खांबांसमोर चेंडू घेऊन उभी राहिली. ते अंतर इतकं होतं की आमच्या कुत्र्यांनीही गोल मारला असता. सहा गुण गेले की मॅच गेली, आणि ती गेली तर माझ्यामुळे. मी डोळे मिटले. आवाज फक्त ऐकला, प्लॅस्टिकच्या पाइपवर चेंडू आदळल्याचा पोकळ ठक्क.

खांब! म्हणजे एकच गुण. बरोबरी. पाठोपाठ पिकअपचा हॉर्न वाजला आणि मी मफलरवालीच्या खुर्चीत, तिला न विचारता, मटकन बसले. या खेळात बरोबरी झाली की बरोबरीच राहते, पुढे काही नाही. जिंकलं नाही कुणी, पण माझ्यामुळे हरलंही नाही कुणी. मी मनातल्या मनात त्या पाइपला हात जोडले.

लोक मैदानात शिरले. बरोबर आणलेले चेंडू एकमेकांना लाथेने टोलवत म्हातारेकोतारेसुद्धा खेळायला लागले, तिकडचा रिवाजच आहे म्हणे. पंच मफलरवालीशी हसत बोलत होता. आणि लेक माझ्याकडे चालत आली. मी उभी राहिले. काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि नोकरीतला आवाज काढायचा की खरा हेही ठरत नव्हतं.

"आई," ती म्हणाली. "सीरियसली? अगेन्स्ट मी?"

"पकड चांगली होती गं," मी म्हटलं.

ती हसायला लागली. गुडघ्यांवर हात टेकून, मग सरळ गवतात बसून हसली. "इट वॉज बॉल," ती म्हणाली. "टोटली. पंच देणारच होता. पण आई, तू पहिल्या हाफला कुठे होतीस? मी सारखी बघत होते. मला तुझा आवाज ऐकू येईना. मला वाटलं, तू आलीच नाहीस. आय प्लेड सो बॅड."

मी म्हटलं, "इथेच होते. कुत्र्यांच्या मागे. गप्प."

"का?"

"का म्हणजे? तूच सांगितलं होतंस ना, मॅचला येऊ नकोस म्हणून. बोलावलंस तर निदान गप्प तरी राहावं."

तिचं हसू थांबलं. ती गवत उपटत बसली. मग इंग्रजी सोडून, जरा अडखळत, मराठीत म्हणाली, "मी बारा वर्षांची होते गं. मला वाटलं, तू ऐकणारच नाहीस. तू कधी कुणाचं ऐकतेस? नेक्स्ट वीक मी बघत होते, तू येशील म्हणून. मग तू आलीच नाहीस. नंतर मला विचारताच येईना."

मी तिच्याशेजारी गवतात बसले. साडीत नव्हते हे बरं. इतकी वर्षं मी रागावून बाहेर बसले, ती आत वाट बघत राहिली, आणि आम्हा दोघींनाही वाटत होतं की दुसरीला आपण नकोत. मला रडू आलं, आणि त्याच वेळी अंगावरून मणभर ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं. तिच्या गुडघ्यावरची माती मी पदर नव्हता म्हणून ओढणीने पुसली. तिने पुसू दिली.

तिच्या संघातल्या मुली तिला हाका मारत होत्या. ती उठली, मला हात देऊन उठवलं. "पुढच्या शनिवारी विस्कॉन्सिनला रिटर्न मॅच आहे. सकाळी लवकर निघायचंय. माझ्याच गाडीत ये." दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "आणि आई, या वेळी माझ्या बाजूने ओरड हं."

"बॉल वेळेवर सोडलास, तर," मी म्हटलं.